मोठं फुटबॉल खेळून झालंय आणि आता पोरांना शिकवायचंय? मग हे बघा

कोल्हापुरात जवळपास प्रत्येक तालमीत असा एखादा तरी दादा असतोच, जो पाटाकडील नाहीतर खंडोबा नाहीतर दिलबहार असल्या तालमीच्या टीमकडून शाहू स्टेडियम गाजवून मग मुंबईला डिपार्टमेंटच्या (म्हणजे सरकारी खात्याच्या नाहीतर कंपनीच्या) टीमकडून किंवा गोव्याच्या एखाद्या क्लबकडून चार-सहा वर्षं पगारावर खेळलाय, आता चाळिशी आलीय, गुडघा गेलाय, संध्याकाळी ग्राउंडवर येऊन बाहेर उभा राहतो आणि मग मंडळातलं कोणतरी म्हणतंच, "दादा, बारक्या पोरांची बॅच घ्या की". मुंबई, पुणे, नागपूर, मडगाव, सगळीकडं हेच. हे लिहिलंय ते त्या दादासाठी, आणि थोडं त्याला बोलवणाऱ्या मंडळवाल्यांसाठी पण.

पहिली गोष्ट, तुमचं नाव पंधरा दिवस चालतं. आईबाप आठवणी काढत येतात, पोरं सेल्फी काढतात, बॅच भरते. सोळाव्या दिवसापासून पोरगं घरी जाऊन सांगतं की मजा आली का कंटाळा आला, बस, पुढं तुमची मेडल्स कामाची नाहीत. खेळणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. खालिद जमीलचं बघा, महिंद्रा आणि एअर इंडियाकडून खेळला, दुखापतींनी खेळणं थांबवलं, २००९ मध्ये मुंबई एफसीचा कोच झाला आणि तिथं वर्षानुवर्षं कमी पैशातली टीम सांभाळत बसला, मग कुठं २०१६-१७ ला मिझोरमच्या आयझॉल क्लबला आय-लीग, म्हणजे तेव्हाची नॅशनल लीग, जिंकून दिली आणि २०२५ मध्ये भारताचा कोच झाला. गोव्याच्या डेम्पो क्लबचा क्लिफर्ड मिरांडा, तो पण आधी एफसी गोवात असिस्टंट म्हणून राबला, मग २०२३ ला ओडिशाला सुपर कप मिळवून दिला. खेळाडू म्हणून दोघं मोठेच होते, पण कोच म्हणून शून्यापासून सुरुवात केली. तुम्हालाही तीच करायची आहे, फक्त तुमच्यासमोर नऊ वर्षांची पोरं आहेत, आणि खरं सांगू का, ते जास्त अवघड आहे.

अवघड का, तर चांगल्या खेळाडूला स्वतः काय करतो तेच माहीत नसतं. बॉल आला, पाय आपोआप गेला, बॉल थांबला. आता ते पोराला कसं सांगणार? "फील घे रे" म्हणून पोराला काही कळत नाही. म्हणून ग्राउंडवर जायच्या आधी घरी एक काम करा. तुम्हाला सगळ्यात चांगलं काय जमायचं ते एकच निवडा, समजा फर्स्ट टच, म्हणजे आलेला बॉल पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेणं, आणि तो तीन छोट्या वाक्यात सांगायचा प्रयत्न करा: बॉल यायच्या आधी मागं बघ, पाय सैल ठेव, बॉल पुढच्या मोकळ्या जागेत ढकल. झालं. तीनपेक्षा जास्त वाक्यं लागत असतील तर तुम्हालाच अजून ते नीट उमगलेलं नाही, परत बसा. आणि जे तुम्हाला सहज कधीच जमलं नाही ना, समजा डावा पाय, ते तुम्ही जास्त चांगलं शिकवाल, कारण ते शिकताना तुम्ही स्वतः डोकं खाजवलेलं असतं.

कोचिंगचं लायसन्स काढा. "मी नॅशनल लीग खेळलोय, मला काय शिकवणार" हे घरी ठेवून या. एआयएफएफचा, म्हणजे देशाच्या फुटबॉल महासंघाचा, डी लायसन्स अठरा वर्षांवरच्या कुणालाही करता येतो, महाराष्ट्रात विफा या राज्य संघटनेतर्फे आणि गोव्यात गोवा फुटबॉल असोसिएशनतर्फे कोर्स लागतात, त्यानंतर सी, बी, ए आणि शेवटी प्रो. कोर्सला तुमच्या शेजारी एखादा पीटीचा मास्तर बसलेला असेल ज्यानं आयुष्यात क्लबचं फुटबॉल खेळलेलं नाही, आणि सेशन प्लॅन करण्यात तो तुम्हाला मागं टाकेल, तेव्हा राग येऊ देऊ नका, त्याच्याकडून शिका. त्याला तीस पोरांना शिट्टी न वाजवता एका जागी कसं आणायचं ते येतं, तुम्हाला नाही येत.

आता वयाचं. सगळ्यात जास्त वाट लागते ती इथं, कारण आपल्यावर जे झालं तेच आपण पोरांवर करतो, पाच राउंड, मग दंड मारणं, मग रांग, मग शूटिंग, रांगेत वीस पोरं आणि बॉल एक. आठ-नऊ वर्षांच्या पोराला राउंड मारायला लावू नका, त्याचा काय बी उपयोग नाही, ते दिवसभर पळतच असतं. प्रत्येकाच्या पायात बॉल पाहिजे. अगदी बारक्यांना तीन नंबरचा बॉल, साधारण बारा-तेरापर्यंत चार नंबर, पुढं पाच. मोठा जड बॉल बारक्याला दिला की ते फक्त टोकानं लाथ मारायला शिकतं आणि मग ती सवय जात नाही. मॅच लावायची तर चार विरुद्ध चार, लहान गोल, गोलकीपर नको. दहा-बाराच्या वयात सात-सात, मग नऊ-नऊ, आणि अकरा-अकरा तेराच्या पुढं. आपल्याकडं दहा वर्षांच्या पोरांना पूर्ण ग्राउंडवर अकरा-अकरा खेळवतात आणि गोलकीपर बिचारा आठ फुटी बारखाली उभा असतो, वरून बॉल टाकला की गोल, आणि बाहेरून लोक टाळ्या वाजवतात. त्याला फुटबॉल म्हणत नाहीत.

पोझिशन बांधू नका. बाराच्या आत प्रत्येक पोरानं सगळीकडं खेळायचं, गोलमध्ये पण. जाडं पोरगं गोलकीपर आणि उंच पोरगं स्टॉपर (मधला बचावपटू) ही आपली जुनी खोड आहे, ती मोडा.

आणि बारीक पोरांना बाहेर काढू नका. वयोगट एक जानेवारीपासून धरतात, म्हणजे जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरमध्ये जन्मलेलं एकाच गटात येतं, अकराव्या वर्षी जवळपास एका वर्षाचा फरक म्हणजे लई झाला. जानेवारीवालं पोरगं नुसत्या ताकदीवर चौघांना पाडून गोल करतं आणि आपण म्हणतो वा काय टॅलेंट आहे. सोळाव्या वर्षी सगळे सारखे उंच झाले की तेच पोरगं गायब, कारण त्याला कधी विचार करून खेळावंच लागलं नव्हतं. तुम्ही तर हे जवळून बघितलंय. आठवा तुमच्या वयातला तो सगळ्यात भारी पोरगा, आज कुठं आहे?

तेरा ते पंधरा हा नाजूक काळ. उंची एकदम वाढते, कालपर्यंत व्यवस्थित ड्रिबल करणारं पोरगं स्वतःच्याच पायात अडकतं. ते आळशी झालेलं नाही, त्याचं शरीर बदललंय. गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला हाडावर दुखतंय म्हणालं तर "मनाचं आहे, खेळ" म्हणू नका, या वयात तिथं वाढत्या हाडाला त्रास होणं खूप कॉमन आहे, उड्या आणि स्प्रिंट कमी करा, डॉक्टरला दाखवायला सांगा. आपल्या काळात पेनकिलर खाऊन उतरायचे आणि त्याचं फळ तुम्ही जिना उतरताना रोज भोगताय.

सेशन कसं असावं, तर साधारण सव्वा तास, त्याच्या वर नको. ग्राउंडचं आपल्याकडं काय असतं माहितीय, अर्धं क्रिकेटवाल्यांचं, एका कोपऱ्यात दगड, पावसाळ्यात तळं, आणि तुम्हाला मिळणार पेनल्टी बॉक्सएवढी जागा. चालतं. पोरं एकेक करत येतात तेव्हाच बॉल पायात द्या, रांगेत बसवून वाट बघायला लावू नका. मग दहा-पंधरा मिनिटं रोंडो, म्हणजे चार बाहेर पास करणार, एक आत बॉल हिसकावणार, मोठ्यांना पाच-दोन. मग त्या दिवसाची एकच गोष्ट, समजा बॉल घेऊन वळणं, वीसेक मिनिटं, पण ती पण शक्यतो समोर कोणीतरी अडवायला असताना, नुसत्या प्लॅस्टिकच्या कोनांमधून सापासारखं पळवून काय मिळत नाही कारण कोन कधी पाय घालत नाही. उरलेला वेळ मॅच. मॅचमध्ये त्या दिवशी शिकवलेलं दिसलं की तेवढंच ओरडून कौतुक करा, बाकी गप बसा. खरंच गप बसा. बाहेरून "पास दे, पास दे, शूट" सुरू केलं की पोरगं स्वतः बघायचंच बंद करतं. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी पाचच्या आधी सुरू करू नका, पाण्याचा ब्रेक ठरवून द्या, आणि पावसात चिखलात खेळून झाल्यावर पाय धुवून जखम असेल तर साफ करून मगच घरी पाठवा, मुंबईत तर लेप्टोची (घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती असतेच.

एक खास माजी खेळाडूंचा आजार आहे, तो सांगतो. पोरांच्या मॅचमध्ये स्वतः उतरायचं आणि सहा गोल मारायचे. अहो कशाला! तुमची हौस होते, पोरांना बॉलच मिळत नाही, आणि तुमचा तो गुडघा परत सुजतो. उतरायचंच असेल तर ज्या टीमला बॉल मिळेल तिच्या बाजूनं खेळा, दोन टच, गोल मारायचा नाही. डेमो द्यायला एखादं पंधरा-सोळाचं पोरगं तयार करा, बारक्यांना त्याचं जास्त पटतं आणि त्यालाही शिकवायची सवय लागते, उद्याचा कोच तिथंच सापडतो.

मारायचं नाही. शिव्या नाहीत. याच्यावर चर्चा नको. "आमच्या सरांनी कानाखाली मारल्या म्हणून आम्ही घडलो" हे प्रत्येक जण सांगतो, पण कानाखाली खाऊन जे कायमचे खेळ सोडून गेले ते सांगायला इथं कुठं आहेत. शाहू स्टेडियमच्या गॅलरीतून काय काय ऐकू येतं ते पोरं ऐकत मोठी होतातच, निदान बॅचमध्ये तरी वेगळं ऐकू दे. तसंच पेठेचं भांडण बॅचमध्ये आणायचं नाही, समोरच्या तालमीच्या माणसाचं पोरगं तुमच्याकडं आलं तर त्याला पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर नावानं हाक मारा, बाकीचे समजून जातात.

हेडरबद्दल. लहान पोरांना हेडरची प्रॅक्टिस देऊ नका. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंत हेडर बंद केलेत, इंग्लंडच्या एफएनं २०२० मध्ये अकराच्या आतल्या पोरांना प्रॅक्टिसमध्ये हेडर शिकवायचाच नाही असं सांगितलं. पुढं शिकवताना पण हलका बॉल, थोडेच हेडर. आणि डोकं डोक्यावर आपटलं, पोरगं गांगरलं, उलटी आली, काय विचारलं तर वेगळंच बोललं, तर त्या दिवशी ते परत ग्राउंडवर जाणार नाही, फायनल असली तरी नाही, सरळ डॉक्टरकडं.

आता एक अवघड विषय, जो मंडळात कोणी काढत नाही. तुम्ही मोठं नाव आहात, पोरं तुमच्यावर जीव टाकतात, म्हणूनच नियम तुम्हाला जास्त लागू. एकट्या पोराबरोबर किंवा पोरीबरोबर बंद खोलीत थांबायचं नाही, गाडीवर एकट्याला लांब सोडायला जायचं नाही, पर्सनल मेसेज नाही, जे काय सांगायचं ते पालकांच्या ग्रुपवर. मसाज वगैरे कुणी कुणाचा करायचा नाही. बाहेरगावी टूर्नामेंट असेल तर किमान दोन मोठी माणसं, मुली असतील तर त्यात एक बाई असलीच पाहिजे, आणि ग्राउंडजवळ टॉयलेट आहे का ते आधी बघा, मुली बॅच सोडतात त्याचं निम्मं कारण तेच असतं. एखाद्या पोरानं काही वाईट सांगितलं, अगदी तुमच्या जुन्या टीममेटबद्दल सांगितलं तरी, ते दाबायचं नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे, त्यात माहिती असून न कळवणं हाच गुन्हा आहे. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर बॅचच्या बोर्डवर लिहून ठेवा.

वय चोरायचं नाही. आपल्या पिढीत दोन वर्षं कमी दाखवणं म्हणजे हुशारी होती, कित्येकांचे दोन दोन वाढदिवस आहेत. आता मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात, सापडलं की पोरावर बंदी, आणि मंडळाचा माणूस तेव्हा फोन उचलत नाही. पालक स्वतः येऊन विचारतील, "सर, दाखल्याचं काय जमतंय का?" तेव्हा तुमचं तोंड बघून त्यांना उत्तर कळलं पाहिजे. सीआरएसवर, म्हणजे महासंघाच्या ऑनलाइन खेळाडू नोंदणीत, पोराची नोंदणी करताना खरा दाखला, खरी तारीख, आणि नोंदणी तुमच्या क्लबच्या नावानं वेळेत करा. हे कागद जपून ठेवा. पोरगं पुढं मोठं झालं, परदेशी क्लबनं पैसे मोजून घेतलं, तर बारा ते तेवीस वयात ज्या क्लबांनी घडवलं त्यांना फिफाच्या नियमानं त्या रकमेतला पाच टक्के वाटा वाटून मिळतो. आपल्याकडं अशी वेळ क्वचित येईल हे मान्य, पण नोंदच नसेल तर आली तरी काय मिळणार नाही.

इतकं सगळं पीटीचा मास्तर पण करू शकतो. मग तुम्हीच कशाला? माझ्या मते तुमच्याकडं जे आहे ते कुठल्याच लायसन्सच्या कोर्सला मिळत नाही, ते म्हणजे करिअर संपतं कसं हे तुम्ही आतून बघितलंय. महिंद्रा युनायटेड २००५-०६ ला डेरिक परेरा कोच असताना नॅशनल लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीनं टीमच बंद केली. चॅम्पियन टीम, बरं का. २०११ ला पंजाबची जेसीटी गेली. २०१७ मध्ये मुंबई एफसी गेली, पुण्याची डीएसके शिवाजियन्स पण त्याच सुमारास. त्या ड्रेसिंग रूममध्ये बसलेल्या पोरांचं दुसऱ्या दिवशी काय झालं, कोणाकडं डिपार्टमेंटची पक्की नोकरी होती आणि कोण नुसता कॉन्ट्रॅक्टवर होता, कोण रेल्वेत चिकटला आणि कोण गावाला परत आला, हे तुम्हाला नावानिशी माहितीय. हे पोरांना सांगा. भाषण नको, प्रॅक्टिस झाल्यावर बूट सोडताना सांगा. गोल मारल्याच्या गोष्टी त्यांना यूट्यूबवर मिळतात.

आणि नुसतं सांगून थांबू नका, पोराला आणि घरच्यांना रस्ता दाखवा. दहावी सोडून ट्रायलला जाऊ दे म्हणणारा बाप पण भेटेल आणि नववीपासून खेळ बंद म्हणणारी आई पण, दोघांना एकत्र बसवा. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातर्फे होतात, सुब्रतो कप या शाळांच्या देशपातळीवरच्या स्पर्धेचा रस्ता पण शाळेतूनच जातो, त्यामुळं शाळा सोडली की ते दार बंद. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत महाराष्ट्रात खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी कुठल्या लेव्हलचं सर्टिफिकेट चालतं आणि त्याची पडताळणी कशी होते हे आधी विचारून घ्यायला लागतं, नाहीतर घरात फाईलभर सर्टिफिकेटं आणि उपयोग शून्य असं होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीवाल्यांना आठवड्यातून दोनच दिवस बोलवा, तासभर, नुसती मॅच. डोकं मोकळं होतं आणि आईचा फोन येत नाही.

कोल्हापूरच्या पोरांना अनिकेत जाधवचं सांगा, इथलाच पोरगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत (सरकारी निवासी प्रशिक्षण केंद्रात) गेला आणि २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप भारताकडून खेळला. पण पुढचं पण सांगा, की त्या वर्ल्ड कपच्या टीममधला प्रत्येक जण काय स्टार झाला नाही. दोन्ही खरं आहे.

ट्रायलच्या नावानं फसवणारे लई झालेत. "स्पेनला ट्रायल आहे, चार लाख भरा, क्लबशी बोलणं झालंय." पोरगं अठराच्या आत असेल तर काही मोजके अपवाद सोडून फिफा त्याची परदेशी क्लबात नोंदणीच होऊ देत नाही, हे एक वाक्य तुम्ही पालकांना सांगितलं तरी अर्धे ठग पळतील. ट्रेनिंग कॅम्पला जायचं आणि पैसे देऊन फिरून यायचं असेल तर खुशाल जा, पण त्याला करिअर समजू नका. क्लबचं पत्र मागा, त्या क्लबला स्वतः ईमेल करा. आणि हो, असले एजंट आधी तुमच्याकडंच येणार, कारण तुमच्या नावावर पालक विश्वास ठेवतात. पोरामागं कमिशन ऑफर करतील. काय उत्तर द्यायचं ते आजच ठरवून ठेवा.

फी घ्या. फुकट बॅचला पालक पण फुकटचीच किंमत देतात, पाऊस पडला की पोरगं घरी. महिन्याला परवडेल अशी फी, हिशोब मंडळाच्या वहीत, आणि ज्याला जमत नाही त्याची माफ, पण ते कोण ते तुमच्या आणि खजिनदाराच्याच पोटात राहिलं पाहिजे. बुटांसाठी एक पेटी ठेवा, मोठ्यांचे लहान झालेले बूट त्यात, पाहिजे त्यानं घ्यायचे, विचारायचं नाही. मंडळवाल्यांनो, तुम्ही पण ऐका, कोचला मानधन द्या, नारळ-शाल नको, आणि टीम कोचनं निवडायची, नगरसेवकाच्या भाच्यासाठी फोन करायचा नाही.

शेवटी कधीतरी तुमचं सगळ्यात चांगलं पोरगं जाणार. क्रीडा प्रबोधिनीत, नाहीतर इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) एखाद्या क्लबच्या अकॅडमीत, नाहीतर शेजारच्याच क्लबनं जास्त चांगले बूट दिले म्हणून. अडवू नका, एनओसीसाठी रडवू नका, सोडताना नव्या कोचला अर्ध्या पानाची चिठ्ठी द्या, कुठला पाय कच्चा, कुठली जुनी दुखापत, घरी कुणाशी बोलायचं. आणि सिलेक्शन न होता परत आलं तर दुसऱ्याच दिवशी त्याला बॅचला बोलवा, आल्या आल्या बारक्यांचे बिब्स (टीम ओळखायला घालायची रंगीत बनियनं) वाटायला द्या, ट्रायलचं काय झालं ते आठवडाभर विचारू नका, बाकीच्या पोरांना पण तसं आधीच सांगून ठेवा.